७५ वॉटच्या आत

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गोव्यातल्या आमच्या माशेलला चिखलकाला असतो. देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात, अंगाला तेल चोळलेली माणसं, आजोबांपासून नातवापर्यंत, चिखलात खेळतात, लोळतात आणि वरून पाऊस ओतत असतो. २०२५ च्या जुलैत मी तो एका बाजूला छत्रीखाली उभी राहून फोनवर घेतला, दुसऱ्या बाजूने माझ्या भावाने त्याच्या फोनवर. दोन्ही मिळून सव्वादोन तासांचं फोर-के चित्रण. मुंबईला आणि आखातात असलेली आमची माणसं दर वर्षी वाट बघतात, त्यांच्यासाठी मी ते चाळीस मिनिटांत बसवलं.

बसवताना आधी रडकुंडीला आले. फोनची फाइल एचईव्हीसी पद्धतीची, म्हणजे खूप दाबून लहान केलेली, उलगडायला जड. माझ्या संगणकाला ती नीट चालवताही येत नव्हती. प्ले दाबलं की चित्र थबकायचं, आवाज पुढे जायचा. शेवटी एक्स्पोर्टला, म्हणजे बसवलेल्या चित्रणाची एक फाइल बनवायला, लावलं तर सहा तासांच्या वर वेळ दाखवत होता. चौथ्या तासाला लाईट गेली. यूपीएसने दहा मिनिटं धरलं, मग तोही बंद. पुन्हा पहिल्यापासून.

संगणकात आधीपासून असलेल्या इंटेलच्या ग्राफिक्समध्ये एन्कोडर असतो, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान फाइल बनवणारा भाग, तो वापरून पाहिला. काम झटपट झालं, पण पावसाच्या जागी चौकोन दिसायला लागले. याचं कारण मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. व्हिडिओची फाइल लहान होते ती मागच्या फ्रेममधलं न बदललेलं पुन्हा न लिहिल्यामुळे. कोणी खुर्चीत बसून बोलत असेल तर मागची भिंत एकदाच लिहावी लागते. पावसात आणि उडणाऱ्या चिखलात मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत प्रत्येक फ्रेम वेगळी. तिथे एन्कोडरची खरी परीक्षा होते, आणि २०१४ च्या काळातल्या चिपमधला एन्कोडर त्या परीक्षेत कमी पडला. चांगला एन्कोडर असलेलं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं मी त्या रात्री ठरवलं.

माझा संगणक म्हणजे एका कचेरीने काढून टाकलेला डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२०, मिनी टॉवर. पणजीत सेकंडहँड घेतला होता. आय-फाइव्ह ४५९०, चार कोर. रॅम मी आधीच १६ जीबी केली होती आणि एसएसडीही टाकली होती. कोणी विचारलं तर मी आजही सांगेन की जुन्या मशीनवर पहिला पैसा या दोन गोष्टींवर घालावा, कार्ड त्यानंतर. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली आणि विंडोज ११ आठव्या पिढीच्या खालचे इंटेल प्रोसेसर घेत नाही, म्हणून पुतण्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट बसवून दिलं. एडिटिंगला केडेनलाइव्ह. शाळेचं काम आणि हे चित्रण, दोन्ही त्यावर उत्तम चालतं.

म्हापशाच्या एका दुकानात गेले. तिथल्या मुलाने आठ पिनची तार लागणारं एक मोठं कार्ड काढलं. माझ्या संगणकात तशी तारच नाही, म्हटल्यावर म्हणाला, "बाई, कन्व्हर्टर देतो. हार्ड डिस्कच्या दोन तारा जोडून आठ पिन होते." किंमत चांगली होती, मुलगा मनापासून बोलत होता, आणि मी जवळजवळ हो म्हणून गेले होते. पुतण्याला फोन लावला.

"आत्या, पैसे दिलेस?"

"नाही अजून."

"देऊ नको. घरी ये, मी दाखवतो."

त्याने दाखवलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण जुना संगणक असलेल्या प्रत्येकाला हे आधी कळायला हवं. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून, म्हणजे कार्ड बसतं त्या खाचेतून, कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्याहून जास्त हवे असतील तर पॉवर सप्लायमधून वेगळी तार यावी लागते: सहा पिनच्या तारेतून आणखी ७५, आठ पिनच्या तारेतून १५०. माझ्या मशीनचा पॉवर सप्लाय २९० वॉटचा, आणि त्यातून सहा पिनची किंवा आठ पिनची एकही तार निघत नाही. हार्ड डिस्कची साटा तार १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरसाठी बनवलेली असते, म्हणजे ५४ वॉट. दोन मिळून १०८. त्यांच्यावर आठ पिनचं तोंड लावलं की कार्ड समजतं आपल्याला १५० मिळणार, आणि तेवढे मागतं. तार तापते, प्लास्टिक वितळतं. आमच्याकडे लाकडी माळ्याखाली संगणक आहे. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

मग पॉवर सप्लायच का बदलू नये? बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या पॉवर सप्लायला मदरबोर्डसाठी २४ पिनचं तोंड असतं आणि या मशीनला आठ पिनचं लागतं, तेही वेगळ्या मांडणीचं. त्यासाठी जोडतार मिळते, कित्येक जण वापरतात. मला मात्र पावसाळ्यातल्या गोव्याच्या विजेवर आणि माझ्या हातांवर एवढा भरवसा नव्हता. तेव्हा ठरलं: स्लॉटमधून मिळते त्या विजेवर चालणारं कार्ड. ७५ वॉटच्या आत.

ही रेघ ओढली आणि निवड एकदम सोपी झाली. शेकडो कार्डांतून पाच-सहा उरली. शिंपीकामाची टेप घेऊन केसच्या आतली लांबीही मोजून ठेवली आणि एकाच पंख्याचं आखूड कार्ड घ्यायचं ठरवलं.

एनव्हीडियाची जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं दुकानांत अजून नवीन पेटीत मिळतात, म्हणून त्यांच्याबद्दल एक वाक्य: घेऊ नका. चिप जुनी, आणि नव्या ड्रायव्हरांतून, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, बाहेर पडलेली. जीटी १०३० दिसायला बरं, पण त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही. शिवाय त्याची डीडीआर-४ मेमरीची एक आवृत्ती २०१८ मध्ये आली, तिच्या मेमरीचा वेग मूळ आवृत्तीच्या जेमतेम एक तृतीयांश. पेटीवरचं नाव दोन्हींचं एकच.

जीटीएक्स १०५० टीआय माझ्या मनात बरेच दिवस होतं. २०१६ चं कार्ड, ७५ वॉट, ४ जीबी, जुन्या कचेरीच्या मशीनमध्ये वर्षानुवर्षं लोकांनी वापरलेलं. सेकंडहँड स्वस्त मिळतं. एका विक्रेत्याकडे ऑनलाइन तर "नवीन" म्हणून अगदी कमी किमतीत दिसलं. फोटो मोठा करून पाहिला तर मागच्या बाजूला निळं व्हीजीएचं, म्हणजे जुन्या ॲनालॉग मॉनिटरचं, तोंड. एनव्हीडियाच्या १० मालिकेतल्या चिपला ॲनालॉग आउटपुट मुळातच नाही. तेव्हा १०५० टीआयवर व्हीजीए दिसलं की आत कुठली तरी फार जुनी चिप आहे आणि तिच्यावर खोटं नाव लिहिलं आहे, हे नक्की. विंडोजवर जीपीयू-झेड नावाचा छोटा प्रोग्रॅम अशी खोटी कार्डं ओळखतो, पण त्यासाठी कार्ड आधी हातात यायला हवं, पैसे जाऊन. खरं १०५० टीआय मिळालं असतं तरी मी शेवटी थांबले, कारण लिनक्सवर ५८० ही त्या पिढीला चालणारी ड्रायव्हरची शेवटची शाखा आहे. आज घ्यायचं आणि पहिल्याच दिवसापासून उतरणीला लागायचं, हे पटलं नाही.

एएमडीचं आरएक्स ६४०० पुतण्याचं लाडकं. ५३ वॉट, आणि लिनक्सवर एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. मलाही ते फार आवडलं होतं. पण त्यात एन्कोडर नाही, आणि मी कार्ड घेत होते ते एन्कोडरसाठीच. आणखी एक अडचण: ते स्लॉटच्या सोळा लेनपैकी, म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटांपैकी, फक्त चार वापरतं. नव्या मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेस ४.० असतं तेव्हा त्या चार पुरतात, माझ्या ३.० वर वाट निम्मी अरुंद होते. म्हणजे जे कार्ड जुन्या मशीनसाठीच बनवलंय असं वाटतं, त्याला नेमकं जुन्या मशीनमध्येच बळ कमी पडतं. इंटेलच्या आर्क ए३८० चा एन्कोडर फार चांगला, एव्ही-वन ही नवी पद्धतही करतो. मात्र त्याला रिसायझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) लागते आणि इंटेल त्यासाठी दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर सांगते. माझा चौथ्या पिढीचा.

उरली दोन. जीटीएक्स १६५० आणि आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती. १६५० हे २०१९ मधलं, ७५ वॉट. त्याच्या सुरुवातीच्या कार्डांत एन्कोडर मागच्या पिढीचा घातला होता, पुढे आलेल्या काहींत नवा. पेटी बघून ते कळत नाही, दुकानदारालाही सांगता येईना. ३०५० च्या नावातही मोठा खड्डा आहे: २०२२ मध्ये आलेलं ३०५० हे ८ जीबीचं, १३० वॉटचं, आठ पिनची तार मागणारं. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच नावाने ६ जीबीचं आलं ते ७० वॉटचं, आणि त्याच्या बहुतेक कार्डांना तार लागत नाही. बहुतेक म्हणते, कारण काही कंपन्यांनी त्यालाही सहा पिनचं तोंड दिलेलं आहे. मी दुकानात पेटी उघडायला लावली, कार्डाची वरची कड बोटाने चाचपून पाहिली, तोंड नाही याची खात्री केली आणि मगच पैसे दिले. १८ हजारांची मर्यादा घातली होती, त्यात बसलं.

बाणस्तारीचा पूल ओलांडताना बसमध्ये पेटी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

घरी आल्यावर लक्षात आलं की माझ्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे. नव्या कार्डाला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. नुसती तोंड बदलणारी स्वस्त पिन इथे चालत नाही, कारण कार्डातून डिजिटल सिग्नल येतो आणि जुन्या मॉनिटरला ॲनालॉग हवा असतो; आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. तो मागवण्यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी केस उघडून आतली धूळ काढली, स्लॉटच्या पट्ट्या साफ केल्या. आमच्या हवेत लोखंडाला गंज चढायला एक पावसाळा पुरतो. मागच्या पट्टीचा स्क्रू निघता निघेना, तेल सोडून रात्रभर ठेवावा लागला. तुमची केस वर्षानुवर्षं उघडली नसेल तर कार्ड आणण्याआधीच उघडून ठेवा.

बसवायला दहा मिनिटं लागली. मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर उघडून एनव्हीडियाचा सुचवलेला ड्रायव्हर निवडला, मशीन पुन्हा सुरू केलं, झालं. यूपीएसवर ताण येईल अशी धास्ती होती, तसं काही झालं नाही.

आता मिळालं काय ते. तोच चिखलकाला, तेच रंग, तीच चाळीस मिनिटं, एक्स्पोर्टला अडीच तास. सहावरून अडीच. याहून कमी का नाही, तर केडेनलाइव्हमध्ये रंग सुधारणं, दोन चित्रं एकावर एक घालणं ही कामं अजून प्रोसेसरच करतो आणि माझे चार कोर तेवढेच आहेत. दोन थर लावले की प्रिव्ह्यू अजून अडखळतो. त्यासाठी प्रॉक्सी बनवते, म्हणजे कामापुरत्या हलक्या प्रती, आणि हे काम आता केडेनलाइव्हला कार्डावर टाकायला सांगता येतं. पूर्वी रात्रभर लागायचं, आता जेवण होईतो तयार. फोनची फाइल प्लेअरमध्ये उघडली की सरळ चालते, एकदाही न थबकता. माझ्या दृष्टीने सर्वांत मोठं सुख हेच.

आणि चौकोन गेले. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारा डेटा, तोच ठेवून दोन्ही फाइल शेजारी शेजारी लावून पाहिल्या. जुनीत मैदानाचा कोपरा तपकिरी ठोकळ्यांचा झाला होता. नवीत चिखलातून उठणारा एक मुलगा डोक्यावरचं पाणी झटकतो, ते थेंब वेगवेगळे दिसतात. बाबांना दाखवलं. ते थेंबांकडे न बघता मागे छपराखाली बसलेल्या टाळकऱ्यांकडे बघत होते. "तिसरा कोण तो, थांबव जरा," म्हणाले. थांबवलं. चेहरा ओळखता येत होता.

आता कपाटात नाटकांच्या अकरा व्हीएचएस कॅसेटी आहेत, गावच्या उत्सवात बाबांनी काम केलेल्या. त्यांतल्या दोन कॅसेटींना बुरशी लागली आहे. त्यांच्यासाठी हे कार्ड काहीच करू शकत नाही. चालू व्हीसीआर लागेल आणि कॅप्चरचं उपकरण. व्हीसीआर अजून मिळालेला नाही. फोंड्यात एक जण दुरुस्त करतो असं कळलंय, शनिवारी जाऊन येते.