झोक्याची करकर काढू नका

आखाजी (आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया), रात्री उशिरा

अमळनेरात वैशाखात कूलर बंद करून झोक्यावरची गाणी रेकॉर्ड करायची म्हणजे गाणारणींचा अंत पाहणं. मोठी माय म्हणाली, "तुझं मशीन राहू दे, वारा राहू दे." तर कूलर चालू. आजच्या सगळ्या गाण्यांमागे एकसारखी घरघर आहे आणि मी मघापासून ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये ती उपसत बसलोय.

निघते, कारण ती बदलत नाही. नुसत्या घरघरीचे दोन-तीन सेकंद निवडून दिले की प्रोग्राम तिच्यातल्या कंपनसंख्या धरून ठेवतो आणि पुढे सगळीकडे त्या दाबतो. झोक्याच्या कड्यांची करकर मात्र दर हिंदोळ्याला निराळी, ती तशीच राहते. फार जोर लावला तर मोठ्या मायचा गळा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

डीझर या गाणी ऐकवणाऱ्या कंपनीने २०१९ साली स्प्लीटर हे सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. तयार गाण्यातून गळा एकीकडे, वाद्यं दुसरीकडे, तेही घरच्या कॉम्प्युटरवर. त्यामुळे कूलर, कड्या, मधेच भुंकणारं कुत्रं, हे सगळं लवकरच एका बटणावर जाईल, असं माझं मत झालंय. धास्ती त्याचीच वाटते. हे प्रोग्राम ज्या आवाजांवर शिकतात त्यात आखाजीच्या बायका कितीशा असणार? इथे चौघी एकदम गातात, एक रेंगाळते, दुसरी ओळ संपायच्या आत पुढची उचलते. मशीन एकीला गायिका ठरवेल आणि तिघींना गोंगाट. आणि करकर काढायची तरी कशाला? ताल तिचाच आहे!

मला साफसफाईपेक्षा शोधाशोध करणारा प्रोग्राम हवाय. साठवणीची अडचण उरलेली नाही. सीडीच्या दर्जाचं मोनो रेकॉर्डिंग मिनिटाला जेमतेम ५ एमबी. पण कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या जागरणात म्हटलेलं एखादं कडवं हुडकायचं तर अख्खी रात्र फाइली ऐकाव्या लागतात. व्हिस्पर २०२२ मध्ये आलं, बोललेलं लिहून देतं. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे, पण ही गाणी ज्या बोलीत आहेत ती अहिराणी नाही. म्हणजे जे लिहील ते ओढूनताणून मराठी.

उद्याच्या सॉफ्टवेअरपुढे मी नुसती चाल गुणगुणावी आणि त्याने ती चाल असलेल्या सगळ्या वर्षांच्या फाइली पुढ्यात मांडाव्यात. कोणतं कडवं यंदा नवीन जुळवलं तेही दाखवावं. नेट नसताना चालावं, कारण वळवाचा पहिला वारा सुटला की आमच्याकडे लाइट आणि नेट बरोबरच जातात. मूळ फाइलला मात्र हात लावू नये. जे काय पुसायचं ते वरच्या थरावर, पाहिजे तेव्हा उचलता येईल असं.

तोवर फाइलच्या नावातच गाव, सण, वर्ष आणि गाणारणी लिहितोय. आधी कोणी उचललं, तेही.