केप कॉडच्या तळ्यात कयाक, बास आणि पक्कड

आमच्या मालवणकडे गळ टाकून मासे धरण्याला गरवणं म्हणतात. लहानपणी खाडीच्या कडेला दगडावर बसून, गरीला सुंगटं (कोळंबी) लावून, काळुंदर मासा लागेल म्हणून तासन्‌तास बसायचो आणि शेंगटं घेऊन घरी यायचो. तर सांगायचा मुद्दा हा की गरवायची सवय जुनी आहे, फक्त आता ती बॉस्टनमध्ये राहून करावी लागते आणि बसायला दगडाऐवजी १० फुटी प्लास्टिकची कयाक, म्हणजे वल्ह्याची अरुंद होडी आहे, तीही सेकंडहँड.

गेल्या रविवारी पहाटे ३ ला उठलो, कयाक आदल्या रात्रीच गाडीच्या टपावर बांधून ठेवली होती. रूट ३ धरून खाली, सॅगमोर ब्रिजवरून कॅनॉल ओलांडला की केप कॉड, म्हणजे समुद्रात शिरलेला जमिनीचा पट्टा सुरू. पहाटे हा ब्रिज एका मिनिटात पार होतो, संध्याकाळी काय होतं ते पुढे सांगतो. ब्रूस्टर गावात निकरसन स्टेट पार्क आहे, पाइनच्या जंगलात लपलेली बरीच तळी, त्यातलं सगळ्यात मोठं क्लिफ पाँड, साधारण २०० एकर. २०० एकर म्हणजे आपल्याकडे लोक तलावच म्हणतील, पण इथे पाँड! १६४० च्या दशकात इथे इंग्रजांची वसाहत होती तेव्हाचा कायदा आहे की १० एकरांच्या वरचं नैसर्गिक तळं कुणा एकाच्या मालकीचं नाही, मासेमारीला सगळ्यांना मोकळं, आणि तो अजून पाळला जातो. (लायसन्स लागतंच पण, ऑनलाइन मिळतं.)

या तळ्यांना केटल पाँड म्हणतात. हिमयुगात बर्फाचा थर मागे सरला तेव्हा बर्फाचे मोठमोठे तुकडे वाळू-गोट्यात गाडले गेले, ते हळूहळू वितळले, वरची वाळू खचली, खड्डे झाले आणि खड्ड्यात जमिनीतलं पाणी भरलं. बहुतेक तळ्यांना नदी नाही, ओढा नाही, म्हणजे गाळ आणणारं कोणी नाही, त्यामुळे पाणी असं स्वच्छ की पहिल्यांदा आलो तेव्हा मला वाटलं इथे मासे नसणारच. आपल्या डोक्यात मासा म्हणजे गढूळ पाणी!

साडेपाचला पाण्यात उतरलो. लाइफ जॅकेट घातलं, इथे १५ सप्टेंबर ते १५ मे कयाकवाल्यांना ते अंगावर घालणं सक्तीचं आहे, जूनमध्ये नुसतं बरोबर असलं तरी चालतं पण मी घालतो, मला पोहता येतं हे खरं पण मालवणच्या कोमट पाण्यात येतं. वारा शून्य, पाणी काचेसारखं, वल्हं मारलं की थेंब पडल्याचा आवाज मोठा वाटत होता. काठापासून वीसेक फुटांवर तळाला गोल, पांढुरक्या जागा दिसायला लागल्या, जेवणाच्या परातीएवढ्या, कुणी झाडून काढल्यासारख्या. ही बास नावाच्या माशाची घरटी. नर शेपटीने गोटे साफ करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि हा तिथेच उपाशीतापाशी पहारा देतो. एका परातीवर एक उभा होता, वरून माझी कयाक गेली तरी हलला नाही, नुसता कल्ला उघडमीट. त्याच्या तोंडासमोर काही टाकलं असतं तर त्याने धरलंच असतं, भूक म्हणून नाही, राग म्हणून. पण त्याला पाच मिनिटं उचललं तरी बाकीचे छोटे मासे अंडी साफ करतात. नाही टाकलं. मोठेपणा सांगत नाहीये, पूर्वी टाकलंय मी.

मग खोल पाण्याकडे, मोठमोठे दगड आहेत तिकडे. आमिष म्हणजे रबरी अळी, चारेक इंच, गळ टोकाला न लावता बरोबर मध्ये लावायचा, वजन काही नाही. (एक औंसाच्या आतलं शिसं इथे गोड्या पाण्यात चालतच नाही, लून नावाचे पक्षी ते गिळून मरायचे.) मध्ये अडकवलेली अळी पाण्यात पडताना दोन्ही टोकं हलवत सावकाश खाली जाते, आणि आपण काहीही करायचं नसतं, हेच अवघड. सातच्या सुमारास दोरी बाजूला सरकली. ओढली. आणि कयाक फिरली!

काठावरून गरवताना मासा आपल्याकडे येतो, कयाकमध्ये आपणच त्याच्याकडे जातो. स्मॉलमाउथ जातीचा बास होता, दोनदा पाण्याबाहेर उडाला, मला घेऊन अर्धं वर्तुळ फिरला. वर घेतला, १६ इंच, पितळेच्या जुन्या तांब्यासारखा रंग, अंगावर उभे पट्टे, डोळा लाल. वरचा जबडा डोळ्याच्या मागेपर्यंत गेला नसेल तर स्मॉलमाउथ, गेला असेल तर लार्जमाउथ ही दुसरी जात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. खालचा जबडा अंगठ्यात धरायचा, दात पॉलिश पेपरसारखे. गळ काढला, सोडला, एक शेपटी तोंडावर मारून गेला.

दहापर्यंत चार मिळाले. मग वारा सुटला, केपवर दुपारकडे नैऋत्येचा वारा येतोच, मला माहीत होतं, तरी आळस. अँकरची दोरी पुढे किंवा मागे बांधायची असते, मी सीटजवळ हाताशी येईल अशी बाजूला बांधली, लाट आली, कयाक आडवी कलली, आणि मांडीवरची गळ काढायची पक्कड टुपकन पाण्यात. स्वच्छ पाण्याचा तोटा हा की ती जाताना दिसत राहते. गोल गोल फिरत, चमकत, बारा-पंधरा फूट खाली वाळूवर जाऊन पडली. पाच मिनिटं तिच्याकडे बघत बसलो होतो. पाचवा मासा लागला त्याचा गळ बोटांनी काढला, माझ्या अंगठ्याची पार खवणी झाली, आणि पुढे पाऊण तास वाऱ्याच्या तोंडावर वल्हं मारत गाडीपर्यंत आलो.

नंतर शेजारच्या लिटल क्लिफ तळ्यातही तासभर बसलो, तिथे काही नाही.

परतताना सॅगमोरच्या अलीकडे रांग. अख्खं केप रविवारी संध्याकाळी एकाच वेळी घरी जातं. दीड तास. आठच्या सुमारास आईचा फोन, तिकडे सोमवारचे पहाटे साडेपाच, स्पीकरवर घेतला. सगळं सांगितलं, पाच मिळाले, केवढे होते ते.

"रांधलंस?"

"नाय गो, सोडले."

"धरलंस आनि सोडलंस? मगे गेल्लंस कित्याक?"

तळ्यातल्या माशांत पारा असतो, पोटुशा बायकांनी आणि पोरांनी खाऊ नये असं इथलं सरकार सांगतं, हे तिला समजावायला गेलो तर म्हणाली तू खंयचो पोटुशी. मग ती गावातलं बोलायला लागली, रांग हलली. घराजवळच्या दुकानात थांबून हॅडॉक या समुद्री माशाचे दोन तुकडे घेतले आणि रात्री कोकम लावून तळले. आईला हे कळवलेलं नाही.