वहिनीच्या पाळणाघरासाठी, मँचेस्टरहून

विश्रामबागला माझी वहिनी घरातच पाळणाघर चालवते. परवा तिचा फोन आला, "अगं, एक आई म्हणते बाळाला कापडीच डायपर घालणार. घेऊ का ते बाळ? दिवसभर धुणं मला नाही जमायचं." तिला जे सांगितलं ते इथं नीट लिहून ठेवते, सांगली-मिरजेच्या मैत्रिणींनाही उपयोगी पडेल.

माझी लेक दहा महिन्यांची असल्यापासून इथे चाइल्डमाइंडरकडे जाते. म्हणजे आपलं घरगुती पाळणाघरच, फक्त सरकारी नोंदणी लागते. एका बाईला एका वेळी पाच वर्षांखालची तीनच मुलं सांभाळता येतात, त्यातही वर्षाच्या आतलं सहसा एकच. आमच्या बाई साठीच्या आहेत. कापडी डायपरचं मी चाचरतच विचारलं, तर त्या म्हणाल्या, माझी मुलं टॉवेलच्या चौकोनी लंगोटांवरच वाढली, मोठ्या सेफ्टी पिना लावून. माझा जीव भांड्यात पडला.

त्यांची अट एकच: धुणं तुझं. रोज सकाळी मी पाच डायपर देते, बाहेरच्या कव्हरमध्ये आतल्या घड्या, म्हणजे ओल शोषणारे सुती थर, भरूनच, म्हणजे त्यांना नुसती बटणं लावायची. दर दोन-अडीच तासांनी त्या बदलतात. शी संडासात, घडीवर ठेवलेला पातळ कागद कचऱ्यात, आणि डायपर तसाच, पाण्यात न घालता, चेनच्या पिशवीत. बादलीत भिजत घालायचं नाही. रांगती मुलं असलेल्या घरात पाण्याने भरलेली बादली ठेवणंच धोक्याचं. संध्याकाळी पिशवी माझ्याबरोबर घरी येते.

दुसऱ्या आठवड्यात मात्र रोज गळायला लागलं. लेकीचे कपडे ओले, बाईंची सतरंजी ओली. मला फार अपराधी वाटलं. बाईंनी मला बेसिनपाशी नेलं, धुतलेली घडी नळाखाली धरली. पाणी आत मुरेचना, थेंब वरून घरंगळून जात होते. कपडे मऊ राहावेत म्हणून मी धुण्यात सॉफ्टनर घालत होते, त्याचाच थर बसला होता. नुसत्या गरम पाण्यात दोन-तीनदा धुतल्यावर घड्या पुन्हा पाणी प्यायला लागल्या. तेव्हापासून सॉफ्टनर बंद. शिवाय घडीचं टोक मांडीच्या इलॅस्टिकबाहेर डोकावत नाही ना, एवढं बोट फिरवून बघायचं.

पर्यावरणासाठी करत असाल तर धुण्या-वाळवण्याकडे लक्ष द्या. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याचा २००८ सालचा हिशेब आहे: अडीच वर्षांत फेकायच्या डायपरमागे साधारण ५५० किलो कार्बन, कापडीमागे ५७०. मात्र मशीन पूर्ण भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरलं, तर कापडीचा आकडा ४० टक्क्यांनी उतरतो. इथे ऊन मिळणं मुश्कील. सांगलीत आठ महिने ते फुकट आहे, आणि उन्हाने डागही जातात.

पावसाळ्याचं काय, हे वहिनीने विचारलंच. दादाचा मुलगा झाला तेव्हा गावभागातल्या घरी आजी शेगडीवर डालगं पालथं घालायची आणि त्यावर आजोबांच्या जुन्या धोतराचे लंगोट वाळत घालायची. घरभर उबदार ओला वास असायचा. आतल्या सुती घड्यांना तसं चालेल, पण बाहेरच्या कव्हरला आच लागू द्यायची नाही, त्याचा पाणी अडवणारा थर खराब होतो. कव्हर पंख्याखालीही लवकर वाळतं.

ते लंगोट धुवायला मात्र मावशी यायच्या. दिवसाला वीस-पंचवीस, थंड पाण्यात. त्यांच्या हातांचा विचार माझ्या मनात इथे, स्वतः धुवायला लागल्यावर आला. म्हणून वहिनीला निक्षून सांगितलं, बाळ जरूर घे, पण धुणं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस आणि मावशींवरही ढकलू नकोस. ते बाळाच्या घरी जाऊ दे. प्रत्येक बाळाची पिशवी वेगळी, नाव घातलेली.

"नाव दोऱ्यानेच घालते," वहिनी म्हणाली, "पेनचं धुण्यात जातं."