तुम्ही विचारलंत म्हणून : त्या माणसांना ठाऊक असतं का?

रिक्षात, बाजारात, दवाखान्याच्या बाकावर भेटलेली माणसं माझ्या लिखाणात येतात. ते वाचून बरेच जण विचारतात, या माणसांना ठाऊक असतं का, की तुम्ही त्यांचं बोलणं लिहिणार आहात? विचारता का त्यांना? प्रश्न रास्त आहे. माझ्या लेखी तो लिखाणाइतकाच महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी ही बोलणी होतात कुठं ते सांगायला हवं. शालिमारहून नाशिकरोडला जाणारी शेअर रिक्षा ही माझ्या मते या शहरातली बोलण्याची सगळ्यात चांगली जागा. सीटं भरेपर्यंत ती हलत नाही, तेवढ्यात अर्धी ओळख होते. मागे बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागतात, पण तोंडं रस्त्याकडे. समोरासमोर बसून जे जिभेवर येत नाही, ते असं शेजारी बसून सहज बोललं जातं. त्यात द्वारकेला, पुण्याचा आणि मुंबई-आग्र्याचा रस्ता मिळतो त्या चौकात गाडी अडकली, की बोलणं आणखी लांबतं. पंचवटी एक्सप्रेसमध्ये मात्र मला कधी असं काही मिळालं नाही. १९७५ पासून ती गाडी नाशिककरांना मुंबईला नेते-आणते. तिथल्या पासधारकांचं आपसांत गोत झालेलं असतं, परक्या माणसाशी बोलायची त्यांना गरजच पडत नाही.

आणि पावसाळ्यात गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला, की सगळं शहरच बोलकं होतं. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली, की होळकर पुलाकडे माणसं जमायला लागतात. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं, हे आमचं मोजमाप. ‘गुडघ्याला लागलं.’ ‘छे, कमरेला आलंय.’ क्युसेकचे आकडे प्रत्येकाच्या मोबाइलवर असतात, तरी नजर मारुतीवरच. सराफ बाजारातला दुकानदार, कॉलेजची मुलं, घाटावर टपरी असलेली बाई, सगळे ओळखदेख नसताना बोलतात. कुणी १९६९ चा पूर काढतो, कुणी २००८ चा. त्या बोलण्याला कुणी एक धनी नसतो. ते मी बेधडक लिहिते.

अडचण रिक्षातल्या बोलण्याची आहे. ते एकट्या मला सांगितलेलं असतं, आणि सांगणारीचा भरवसा एवढाच, की ही बाई काही पुन्हा भेटायची नाही.

आधी विचारून पाहिलंय. ‘मी लिहिते, तुमचं लिहू का?’ म्हटलं की माणूस सावरून बसतो. मग रस्त्यातले खड्डे, महागाई, आजकालची पिढी. मघाशी चाललेलं स्वतःचं बोलणं जे थांबतं ते थांबतंच. म्हणून सुरुवातीला विचारत नाही. त्याऐवजी एक पथ्य पाळते : वाक्य त्यांचं तसंच ठेवायचं आणि माणूस सापडेल असं काही ठेवायचं नाही.

हे पाळणं कठीण जातं. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ‘जन्म नोटप्रेसमध्ये गेला. अजून भाजीवाल्यानं सुट्टे दिले की दोनदा मोजतो. पोरं चिडतात.’ इथं प्रेस काढून बँक घातली तर वाक्यातला जीव जातो. पण नाशिकरोडच्या त्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. किती घरं त्या पगारावर उभी राहिली! तेवढ्यांत एक गृहस्थ कुणाला सापडणार नाहीत. म्हणून प्रेस ठेवली. त्यांची कॉलनी, वय, हातातली पिशवी सगळं काढून टाकलं.

निफाडकडच्या एक बाई होत्या. ‘बाग फुलोऱ्यात होती आणि पाऊस लागून राहिला. घड कुजले. पोराला म्हटलं, या साली क्लास नको.’ ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाची बाग फुलोऱ्यावर येते तेव्हा ती फार नाजूक असते. त्या वेळचा पाऊस घड कुजवतो, गळ करतो, आणि वर्षाचं पीक हातचं जातं. मी नुसतं ‘पावसानं नुकसान झालं’ असं लिहिलं असतं, तर त्या पोराचा क्लास का बुडाला हे कळलंच नसतं. फुलोरा राहू दिला. गाव काढलं, क्लास कसला तेही काढलं. त्या बाजूला गावोगाव बागा आहेत.

काही माणसं मात्र लपवताच येत नाहीत. २०११ च्या जनगणनेत आमच्या शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, आता आणखी वाढली असणार. तरी एखादं काम करणारा माणूस इथं एकटाच असतो. नुसतं काम सांगितलं तरी रविवार कारंजापासून पंचवटीपर्यंत कुणीही नाव सांगेल. अशा एकानं मला आपल्या भावाबद्दल जे सांगितलं, त्याहून खरं बोलणं मी फारसं ऐकलेलं नाही. काम बदलून पाहिलं, शहर बदलून पाहिलं. प्रत्येक वेळी ते बोलणं दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायला लागलं. ते मी लिहिणार नाही.

बोलणं दुःखाचं निघालं तर उतरायच्या आधी सांगते, की मी लिहिणारी आहे. बहुतेक जण विचारतात, ‘कुठं छापून येतं?’ काही जणी नको म्हणतात, तिथं विषय संपतो. एक मात्र पैसे देता देता म्हणाली, ‘लिहा की ताई. फक्त माझ्या सासूबाईंना वाईट दाखवू नका.’ शालिमारपासून ती सासूबाईंच्या तक्रारीच सांगत होती. त्याच तक्रारी घेऊन मी आता लिहायला बसले आहे, पण सासूबाईंच्या बाजूनं. म्हातारी पहाटे तीनला उठून भांडी का वाजवते, इथून सुरुवात केली आहे.