कचाला बोलू का दिले नाही?

पंचगंगेने राजाराम बंधारा पाण्याखाली घेतला की आमच्या महाविद्यालयातील हजेरी निम्म्यावर येते, कारण गगनबावडा आणि पन्हाळ्याकडची मुले एसटीच्या भरवशावर असतात. जुलैमधील अशाच एका दुपारी बी.ए.च्या शेवटच्या वर्गात नऊच विद्यार्थी होते. एवढ्याच मुलांपुढे नोट्स सांगणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून मी वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ उघडून सरळ वाचायला बसलो.

ही कादंबरी १९५९ची. तिला १९७४चे ज्ञानपीठ मिळाले आणि मराठीत तो मान प्रथमच आला. खांडेकर कोल्हापूरचे झाले होते, त्यामुळे येथे तिच्याबद्दल बोलताना एक घरगुती अभिमान आपोआप येतो, आणि चिकित्सा थोडी मागे राहते. माझेही तसेच झाले होते. ययाति म्हणजे भोग, कच म्हणजे संयम, अलकेचे सोनेरी केस म्हणजे निसटलेले निर्मळ प्रेम, ही तीन वाक्ये मी अठरा वर्षे त्याच क्रमाने सांगत आलो होतो.

मरणाच्या दारातला ययातीचा बाप नहुष आणखी थोडे जगायला मिळावे म्हणून तळमळतो, तो प्रसंग वाचून झाला. इंद्राला जिंकणारा बाप असा केविलवाणा झालेला पाहिल्यावर मुलाच्या मनात बसते ती मृत्यूची भीती, आणि पुढचा सारा भोग त्या भीतीपासूनची पळापळ आहे, असे मी म्हणालो. तेव्हा मागच्या बाकावरून पन्हाळ्याकडची एक मुलगी उठली.

“सर, कच एवढा चांगला आहे, तर त्याला बोलायला का दिलं नाही?”

मला प्रश्नच कळला नाही. तिने पुस्तक पुढे केले आणि प्रकरणांवरची नावे बोटाने दाखवत गेली : ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. निवेदन या तिघांचेच. मला हे माहीत नव्हते असे नाही. पण त्यात विचारण्यासारखे काही आहे, हे मात्र सुचले नव्हते. महाभारतात संजीवनी विद्या मिळवून कच देवलोकी परततो आणि कथेतून जवळजवळ नाहीसा होतो. खांडेकरांनी त्याला मुद्दाम पुढेही कथेत ठेवले, आणि तरीही कथा सांगण्याचा अधिकार त्याला दिला नाही.

फळ्यावर तीन नावे लिहून आम्ही शोधू लागलो. देवयानीच्या निवेदनातला कच दुखावलेल्या प्रेमातून दिसतो, शर्मिष्ठेच्या निवेदनातला आदरातून, आणि ययातीला तो दिसतो तेव्हा त्या पाहण्यात स्वतःची लाज मिसळलेली असते. एक मुलगा म्हणाला, “सर, ज्यांचं काहीतरी हुकलंय, तेच बोलतायत.” असे वाक्य मला कधी सुचले नव्हते, हे येथे मान्य करतो. कच संयमाचे प्रतीक वाटतो तो कदाचित त्यामुळेच : त्याच्या मनातला गोंधळ तो स्वतः आपल्याला कधी सांगत नाही, आणि आपण त्याला तिघांच्या गरजेच्या मापानेच पाहतो.

तीनच्या एसटीसाठी मुले घाईने निघाली. ती मुलगी दाराशी थांबली आणि म्हणाली, “मग परीक्षेत काय लिहू, सर?”

टेबलावर चाचणीची उत्तरसूची पडली होती. तीत ‘कच : संयमाचे प्रतीक’ या ओळीसमोर दोन गुण होते, आणि अक्षर माझे होते.