पुरातून वाचलेला हिशेब आणि कुलूप पडलेल्या फाइली

सांगलीच्या गणपती पेठेत व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याचे माझे छोटे कार्यालय आहे. हळद, गूळ आणि बेदाण्याच्या पंधरा-वीस पेढ्यांची खाती एकाच संगणकावर असतात, आणि अडीच वर्षांत ती दोनदा माझ्या हातून गेली.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा मी भिंतीवरची 2005 च्या पुराची खूण पाहिली आणि त्याहून हातभर उंच फळीवर सीपीयू व बॅकअपची हार्ड डिस्क शेजारी-शेजारी ठेवली. त्या वर्षी पाणी 57 फुटांच्याही वर गेले. ते ओसरल्यावर दार उघडले, तर दोन्ही वस्तू गाळाने माखलेल्या होत्या.

डिस्क उन्हात वाळवावी, असे मनात आले होते. सुदैवाने त्याआधी मी आमच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. "ताई, वाळवू नका आणि चालू करून तर मुळीच बघू नका," तो म्हणाला. साध्या हार्ड डिस्कच्या झाकणाला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून बारीक छिद्र असते. त्यातून गढूळ पाणी आत जाते, आणि ते वाळले की गाळ तबकड्यांवर घट्ट बसतो. माहिती वाचणारे टोक फिरत्या तबकडीपासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असते, त्यामुळे अशी डिस्क वीज देऊन फिरवली तर तबकडीवर ओरखडे पडतात आणि वाचण्याजोगी माहितीही जाते. म्हणून दोन्ही डिस्क ओल्याच प्लास्टिकच्या पिशव्यांत बंद करून पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या. बॅकअपची डिस्क वाचली नाही. सीपीयूतील डिस्कवरून मात्र जुलै 2019 पर्यंतची सर्व खाती नव्या डिस्कवर उतरवून मिळाली. ती डिस्क मी विश्रामबागेतील घरी, तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटात ठेवली.

कार्यालय पहिल्या मजल्यावर हलवले, वीज अचानक गेली तरी काम नीट बंद करता यावे म्हणून यूपीएस घेतला, आणि रोजचा बॅकअप आपोआप व्हावा म्हणून एक नवी बाहेरची डिस्क संगणकाला कायमची जोडून ठेवली. पुराच्या अनुभवानंतर ही व्यवस्था मला पुरेशी वाटत होती.

जानेवारी 2022 मध्ये पीडीएफ फाइली जोडण्यासाठी मी इंटरनेटवरून एका महाग प्रोग्रॅमची 'क्रॅक' केलेली, म्हणजे पैसे न भरता चालावी म्हणून परवान्याची तपासणी काढून टाकलेली प्रत उतरवली, आणि ती बसवताना सूचना आली तसा अँटीव्हायरस बंद केला. चूक माझीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एकही खाते उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे आली होती आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी होती: फाइलींना लावलेले कुलूप उघडणारी किल्ली हवी असल्यास 980 डॉलर, 72 तासांत संपर्क साधल्यास 490. जोडलेल्या डिस्कवरचा बॅकअपही त्याच अवस्थेत होता, कारण संगणकाला जी डिस्क दिसते, ती 'क्रॅक' प्रतीबरोबर आलेल्या, फाइलींना कुलूप लावणाऱ्या प्रोग्रॅमलाही दिसते.

मी प्रथम इंटरनेटची वायर काढली, चिठ्ठीचे फोटो घेतले आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. नंतर 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर चिठ्ठी आणि दोन फाइली तपासायला दिल्या. हा उपक्रम युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केला असून तेथे काही प्रकारच्या खंडणीखोर प्रोग्रॅमांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आमच्या फाइलींवरचा प्रकार 'स्टॉप' कुळातला निघाला. तो आपल्या सर्व्हरशी संपर्क साधू शकला नाही, तर आधीपासून जवळ असलेलीच किल्ली वापरतो, आणि तशी किल्ली कधी कधी तज्ज्ञांच्या हाती लागते. त्याची खूण म्हणजे चिठ्ठीतील ओळख क्रमांकाच्या शेवटी 'टी 1' असते. आमच्या क्रमांकाच्या शेवटी ते नव्हते, म्हणजे तो मार्ग बंद होता.

पैसे मी दिले नाहीत. पैसे देऊन किल्ली मिळेलच याची हमी कोणी देत नाही, आणि माझ्या पक्षकारांच्या मेहनतीचा पैसा अशा हातांत जावा, हे मला सहन होण्यासारखे नव्हते.

त्या वेळी पुराच्या वर्षीची कपाटातील डिस्क आठवली. जुलै 2019 पर्यंतचे सारे तिच्यावर शाबूत होते. पुढच्या अडीच वर्षांतील नोंदणीकृत व्यापाऱ्यांशी झालेली खरेदी-विक्री जीएसटीच्या पोर्टलवरून परत घेता आली, बँकेचे उतारे बँकांनी दिले. रोखीची व्हाउचरे मात्र कागदावरून एकेक करून पुन्हा भरावी लागली, आणि त्यात मार्च कधी संपला ते कळले नाही. व्यापाऱ्यांनी जुनी बाडे शोधून आणून दिली, काहीजण रात्री माझ्याशेजारी बसून आकडे वाचून देत होते, हे मी विसरणार नाही.

आता दोन डिस्क आहेत. एक कार्यालयात असते, पण बॅकअपच्या अर्ध्या तासापुरतीच जोडली जाते. दुसरी घरी असते, आणि दर शनिवारी त्यांची अदलाबदल होते. घरच्या संगणकावर त्या आठवड्याचे एक खाते उघडून, शिल्लक जुळते का ते पाहिल्याशिवाय मी डिस्क कपाटात ठेवत नाही. पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी 35 फुटांवर गेली की शनिवारची वाट न पाहता दोन्ही डिस्क विश्रामबागेत जातात.