चालताना दिसलेला कपडा

फॅशन शोमध्ये माझं काम पडद्यामागचं. मॉडेलला कपडा चढवायचा, उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आवळायचं आणि तिला वेळेत पडद्यापर्यंत पोचवायचं. सुईदोरा, टाचण्या, खडू, वाफेची इस्त्री आणि कोपऱ्यात एक शिलाई मशीन, एवढं सामान. त्या दिवशीचा शो नवोदित डिझायनर्सचा होता. पाच जण, बहुतेकांचा पहिलाच. उंच रॅम्प नव्हता. दोन्ही बाजूंना खुर्च्या आणि मधून चालायला वाट. पहिल्या रांगेतल्या माणसाने हात लांब केला तर कपड्याला लागेल, इतकं जवळ.

मला असे शो मोठ्या शोपेक्षा जास्त आवडतात. मोठ्या रॅम्पवर प्रकाश, संगीत आणि अंतर कपड्याला सांभाळून घेतात. इथे टीप वाकडी गेली तर दिसते, अस्तर खालून डोकावलं तर दिसतं. डिझायनरचा हात कसा आहे ते अशाच जागी कळतं.

सकाळी रॅक लागले. प्रत्येक कपड्याला चिठ्ठी: क्रमांक, मॉडेलचं नाव, सोबतचे बूट, दागिने. भिंतीवर क्रमवारीचा तक्ता. बूट परत करायचे असल्यामुळे तळव्यांना चिकटपट्टी लावून झाली. तालमीला मात्र आयोजकांनी जेमतेम वीस मिनिटं ठेवली होती आणि सत्कार-भाषणांना त्याहून जास्त. याचा मला दर वेळी राग येतो. हॅंगरवरचा कपडा, पुतळ्यावरचा कपडा आणि चालत्या अंगावरचा कपडा ही तीन वेगळी प्रकरणं आहेत, आणि नव्या डिझायनरला तिसरं बघायची संधी फक्त तालमीत मिळते. पॅरिसमध्ये १८५८ साली स्वतःचं दुकान काढणाऱ्या डिझायनर चार्ल्स फ्रेडरिक वर्थने गिऱ्हाइकांसमोर जिवंत मॉडेल उभ्या केल्या. त्याची बायको मारी व्हेर्ने त्यातली अगदी सुरुवातीची. कपडा अंगावर हलताना दिसला की तो खरा कळतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप सुरू झाला.

तालमीत सातव्या क्रमांकाची मॉडेल बाहेर आली आणि मी उठून उभीच राहिले. सॅटिनचा, उरेब म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेला लांब स्कर्ट. रंग सुरेख, पडणं सुरेख, पण खालची कड पुढच्या आणि मागच्या मध्यावर दीडेक इंच खाली लोंबत होती आणि बाजूंना वर होती. डिझायनर मुलगी पांढरीफटक पडली. "ताई, काल रात्री टेबलावर मी नीट मोजून दुमडली होती हो. अगदी सरळ होती."

ती खरंच बोलत होती. टेबलावर कड सरळच असणार. कापडाचा उभा आणि आडवा धागा वजनाने फारसा ताणला जात नाही. पण कापड तिरकं, ४५ अंशात धरलं की तेच विणकाम सरकतं आणि स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. या स्कर्टच्या मध्यावर कापड पूर्ण उरेब होतं, बाजूंना घेर वाढत जाऊन ते सरळ धाग्याच्या जवळ आलं होतं. म्हणून मध्य उतरला, बाजू राहिल्या. उरेब कपडा शिवल्यावर किमान एक रात्र, जमलं तर जास्त, टांगून ठेवायचा आणि त्यानंतरच खालची कड करायची, ते यासाठी. फ्रेंच डिझायनर मादलेन व्हियोनेने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उरेब कटिंगला जे रूप दिलं, तेही छोट्या लाकडी बाहुलीवर कापड टाकून, ते कुठे कसं पडतंय हे बघत बघत. कागदावरच्या मापांना कापडाचं वजन ठाऊक नसतं.

दुरुस्ती शक्य होती, कारण स्कर्ट सकाळपासून रॅकवर होता. उतरायचं ते बरंचसं उतरलं होतं. मॉडेलला शोमधलेच बूट घालून स्टुलावर उभं केलं. अनवाणी माप घेतलं असतं तर उंची पुन्हा फसली असती. मी मोजपट्टी जमिनीला टेकवून उभी धरली, ती मुलगी गुडघ्यांवर बसून खडूने खुणा करत गोल फिरली. दर तीन बोटांवर एक खूण. तिचा हात आधी थरथरत होता, निम्म्या घेरानंतर स्थिर झाला. खुणा जोडल्या, जुनी कड उसवली, जास्तीचं कापड कापलं. रुंद दुमड न घेतलेलीच बरी, म्हणून अगदी बारीक दुमडून टीप मारली, कापड जराही न ओढता. इस्त्रीही ठेवायची आणि उचलायची, सरकवायची नाही. उरेब कड सरकत्या इस्त्रीने लाटेसारखी ताणली जाते.

एवढ्यात पलीकडे दुसरं प्रकरण. एका मुलाचं जॅकेट पुतळ्यावर झकास दिसत होतं. मॉडेलने हात उचलला की सगळं जॅकेट कानापर्यंत वर. मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, फार खाली कापला होता. खूप जणांना वाटतं की खोल मुंढ्याने हात मोकळा होतो. होतं उलट. मुंढा बगलेच्या जवळ असेल तर बाही हाताबरोबर फिरते, खाली असेल तर हात सगळा कपडा ओढतो. आत माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जास्तीचं कापड, भरपूर होती, पण मायेने मुंढा वर सरकत नाही. बगलेत चौकोनी तुकडा बसवण्याएवढा वेळ नव्हता. शेवटी मॉडेलने दोन्ही हात खिशात ठेवून चालायचं ठरलं. पाहणाऱ्यांना ते छानही दिसलं. मला पटलं नाही. जॅकेट घेणाऱ्या माणसाला कधीतरी हात वर करावाच लागेल. शोनंतर मी त्याला तसं सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला, मग वही काढून मुंढ्याचं चित्र काढायला लागला. हा मुलगा टिकेल असं मला वाटतं.

शो वीसेक मिनिटांत संपला. बदलायला दीड-दोन मिनिटं, एक चेन अडकली, एक हुक तुटला, तिथे सेफ्टीपिन लावली. सातव्या क्रमांकाची मॉडेल गेली तेव्हा मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. स्कर्टची कड जमिनीपासून चहूबाजूंनी एकसारखी होती, आणि पाऊल पडलं की घेर आधी मागे राहायचा, मग हळूच पुढे यायचा. हे फोटोत येत नाही. फोटोसाठी शिवणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते, ती याचसाठी.

शेवटी प्रेक्षक रॅकपाशी आले. एका दुकानदार बाईंनी तोच स्कर्ट हातात घेतला, कड उलटी करून टीप पाहिली आणि विचारलं, "असे सहा हवेत, तीन सुती कापडात. दहा दिवसांत होतील?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "सॅटिनचे तीन बारा दिवसांत देते. शिवून दोन दिवस टांगून ठेवावे लागतील, कड त्यानंतर. सुती मात्र वेगळं उतरतं, आधी एक नमुना शिवून, कोणाच्या तरी अंगावर चालवून बघते, मग तारीख सांगते."

बाईंनी आपला नंबर लिहून दिला.